ओव्यांच्या फायली आणि लिनक्स

बीडमध्ये कुणाला ‘विंडोजच्या जागी संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली टाका, पैसे पडत नाहीत’ असं सांगून काही उपयोग होत नाही. समोरचा विचारतो, ‘मग आता कुठं पडतात?’ आणि त्याचं बरोबरच असतं. मराठवाड्यात घरोघरी जे संगणक आले ते बहुतेक जोडून घेतलेले. दुकानदार मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर यांचा हिशोब कागदावर मांडून पैसे घ्यायचा आणि विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, पेजमेकर हे सगळं त्यावर ‘टाकून’ द्यायचा. टाकून दिलेल्याचे पैसे नसत. पुढं मशिन हळू झालं की दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणायचं, दोन-तीनशे रुपये द्यायचे, की परत सगळं जागच्या जागी. सॉफ्टवेअर ही विकत घ्यायची वस्तू असते हे आमच्याकडं कितीतरी जणांना अजूनही ऐकूनच माहीत आहे. म्हणून पैशाच्या मुद्द्यावर मी इथं थांबणार नाही. घरातला संगणक लिनक्सवर आणला त्याचं कारण दुसरं होतं, आणि आणल्यावर जे हाती आलं ते त्या कारणापेक्षाही मोठं निघालं.

संगणक 2013 मध्ये घेतलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीतला आय-थ्री, चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. घरात आला आणि लवकरच अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा झाला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडं दोन्ही नाही. मशिन मात्र धडधाकट. उन्हाळ्यातल्या बेचाळीस अंशांत, लोडशेडिंग सोसत इतकी वर्षं चाललेलं. दुकानात दोन वाटा सांगितल्या: नवं घ्या, नाहीतर जुगाड करून यावरच अकरा टाकून देतो.

जुगाड म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. चोरलेली विंडोज चालवायला ॲक्टिव्हेटर नावाचा कुलूप तोडणारा प्रोग्राम लागतो, आणि तो चालवताना बहुतेक वेळा आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. कुणी लिहिला, कुठून आला, आत काय करतो, हे दुकानदारालाही माहीत नसतं. पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे, तो काळ आपण सगळ्यांनी काढलाय. आता तर त्याच मशिनवर अण्णांच्या पेन्शनचं बँक खातं उघडतं. अनोळखी माणसाच्या हाती घराची मुखत्यारी द्यायला माझं मन तयार होईना. मी अण्णांना म्हटलं, ‘तुम्ही परवानगी देत असाल तर मी यावर दुसरंच काहीतरी घालते, ज्यात चोरून आणलेलं काहीच नसेल.’ अण्णा जन्मभर शिक्षक. त्यांनी एवढंच विचारलं, ‘माझं लिहिलेलं जाणार नाही ना?’

त्यांच्या या प्रश्नामागं फार मोठी गोष्ट आहे. अण्णांची बहुतेक नोकरी गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत, गंगथडीच्या जिल्हा परिषद शाळांत गेली. आमच्याकडं गंगा म्हणजे गोदावरी. ही ऊसतोडीची गावं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको पोरांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. जोडीला हिशोबात ‘एक कोयता’ म्हणतात. शाळा निम्मी रिकामी होते. उरलेल्या मुलांबरोबर मागं राहतात त्या म्हाताऱ्या. अण्णा शाळा सुटली की त्यांच्याजवळ बसायचे आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचे. गावागावांत गिरण्या आल्या होत्या, जाती अंगणात पालथी पडली होती, पण ओव्या तोंडात होत्या. वह्यांच्या वह्या भरल्या. पुढं त्या अण्णांनी संगणकावर स्वतः टाइप केल्या. त्यांनी तरुणपणी मराठी टायपिंग शिकलेलं, त्यामुळं बोटं बसलेली होती. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, साल. वह्यांतल्या निम्म्या आता वाळवीनं खाल्ल्यात, म्हणजे जे आहे ते संगणकात.

लिनक्स बसवण्याची गोष्ट मोठी नाही. सगळ्या फायली आधी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, टाकली. लिनक्सची बरीच रूपं मिळतात; त्यांतल्या मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. जवळपास तीन जीबीची फाईल मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्री उतरवली, पेन ड्राइव्हवर चढवली. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासून मगच ‘इन्स्टॉल’ दाबायचं. मिंटला चार जीबी रॅम पुरते. मशिन जे सुरू झालं ते अण्णांनी खुर्ची ओढून बसेपर्यंत तयार.

ही व्यवस्था कुणी आणि का उभी केली, ते अण्णांना सांगताना मलाच ते नीट जुळवून मांडावं लागलं. 1980 च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जाईल. नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, कुणी देईना. ज्याच्याकडं होता त्यानं न देण्याचा करार केला होता. दुरुस्ती करता येत असून करू दिली जात नाही, याची ती बोच होती. 27 सप्टेंबर 1983 ला त्यांनी सगळ्यांना मोकळी असेल अशी प्रणाली लिहिण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. 25 ऑगस्ट 1991 ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं इंटरनेटवरच्या मंडळींना कळवलं, आणि 1992 मध्ये तिचा गाभा स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणला. त्या परवान्याचं म्हणणं असं: हवं तसं वापरा, आत काय आहे ते वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, पण बदललेलं पुढं देताना त्यालाही हेच सगळे हक्क द्या.

आमच्या गावाच्या दृष्टीनं यातलं ‘दुसऱ्याला द्या’ हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आम्ही नेहमी देतच आलो आहोत. कुणाकडं नवी सीडी आली की सगळी गल्ली ती लावून घ्यायची. त्या देण्याघेण्यात आपुलकी होती, पण ती चोरीच्या मालाची होती, आणि शिकवणाऱ्या माणसाला तर ते आतून टोचायचं. शाळेत मुलांना ‘कॉपी करू नका’ म्हणायचं आणि शाळेच्या संगणकावर सगळंच कॉपी केलेलं. आता तोच पेन ड्राइव्ह मी शेजारच्या मुलाला देते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नसतं. लिहिणाऱ्यानंच तसं करायला सांगितलेलं आहे.

मग आम्ही अण्णांच्या फायली उघडल्या.

मिंटमधल्या लिब्रेऑफिसनं, म्हणजे ऑफिससारख्याच मोकळ्या सॉफ्टवेअरनं, फायली बिनतक्रार उघडल्या, पण पानावर मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हं, यांच्या ओळीच्या ओळी. अण्णांचा चेहरा उतरला. मला मात्र हे काय आहे ते कळलं, कारण डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका करायला गेलेल्या प्रत्येकानं हे कधी ना कधी पाहिलेलं असतं.

संगणकावर देवनागरी आली तेव्हा तिला स्वतःची जागा नव्हती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. त्यांतला कृतिदेव हा फॉन्ट शिकलेल्यांना हे पाठ असतं: ई दाबला की म, जे दाबला की र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच एवढंच असतं. अण्णांचा फॉन्ट वेगळा, त्याच्या जोड्या वेगळ्या, पण तत्त्व हेच. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर, डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, लावल्यावरच चालायचं, आणि ते बनवणारे आता कुठं आहेत ते दुकानदारालाही माहीत नाही. त्या फॉन्टांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याच जोरावर आमच्याकडची साप्ताहिकं, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीच्या नोटिसा संगणकावर आल्या. पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीला 1991 पासून स्वतःची जागा आहे, आणि तरी त्यानंतर कितीतरी वर्षं आपण आपली मराठी अशीच इंग्रजी अक्षरांच्या वेषात लिहीत राहिलो.

मला महानुभावांच्या पोथ्या आठवल्या. गोदाकाठचं पांचाळेश्वर हे पंथाचं मोठं स्थान गेवराई तालुक्यातच आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी आणि वचनं पंथातल्या मंडळींनी मराठीत लिहून ठेवली. यादवकाळातली मराठी आज आपल्याला वाचता येते ती पुष्कळशी त्यांच्यामुळं. पुढं या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ लिपी त्यांतली प्रमुख. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर लिहायचं. ज्याला जोड्या माहीत तोच वाचणार. पाठ भ्रष्ट होऊ नये, पोथी भलत्या हाती जाऊ नये, ही कळकळ त्यामागं होती, आणि पोथ्या टिकल्या हेही तितकंच खरं. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतलं हे धन शतकानुशतकं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, आणि नंतर पंथातल्या महंतांनीही पोथ्या अभ्यासकांसमोर ठेवल्या, तेव्हा ती वाट मोकळी झाली. अण्णांच्या ओव्यांवरची लिपी तर जपणुकीसाठीही कुणी घातलेली नव्हती. म्हाताऱ्यांनी जे मोकळ्या तोंडानं सांगितलं ते एका हरवलेल्या डोंगलच्या भरवशावर जाऊन बसलं होतं.

नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची सुट्टीला आलेली. तिनं आजोबांच्या शेजारी बसून काम हाती घेतलं. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा मिंटमध्ये आधीच असते. फायली तिनं आधी लिब्रेऑफिसच्या ओडीटी स्वरूपात वळवल्या. हे स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि ती फाईल म्हणजे खरं तर एक झिप असते; उघडली की आतला मजकूर, कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट, सगळं साध्या अक्षरांत वाचता येतं. त्यामुळं अण्णांनी मध्येच लिहिलेले खरे इंग्रजी शब्द वेगळे काढता आले. जोड्यांचा तक्ता मात्र हातानंच करावा लागला. फाईलमधल्या खुणा आणि शिल्लक वह्यांतली पानं समोरासमोर ठेवून अण्णा एकेक अक्षर सांगायचे, भाची मांडायची.

तक्ता झाला म्हणजे काम झालं असं नव्हतं. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टांत ती आधी टाइप करतात. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं. ‘धर्म’ लिहिताना जुन्या पद्धतीत रफार म नंतर येतो. युनिकोडमध्ये र आधी आणि म नंतर. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून एक घर पुढं आणि प्रत्येक रफार एक घर मागं न्यायचा, आणि जोडाक्षर आलं तर ते सगळं मिळून एकच घर धरायचं. सगळ्यांत चिवट निघाला तो ऱ्य. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, हे मराठी कानाला लगेच कळतं, पण ते संगणकाला कळायला ऱ वेगळा नोंदवावा लागतो. ओव्यांत तर ‘वाऱ्या’, ‘सासऱ्या’, ‘चऱ्हाट’ जागोजाग. अण्णा पडद्यावर बोट ठेवून चूक दाखवायचे आणि भाची नियम सुधारायची. इतक्या वर्षांनी त्यांना असा विद्यार्थी मिळाला होता.

पहिली ओवी पूर्ण मराठीत उमटली तेव्हा अण्णा म्हणाले, ‘हे आता कुठंबी दिसंल का? तुमच्या फोनवर?’ भाचीनं तिथंच ती व्हॉट्सॲपवर धाडली आणि स्वयंपाकघरातून आईनं मोठ्यानं वाचून दाखवली.

नंतर जे झालं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. भाचीनं आजोबांना शोधायला शिकवलं. पूर्वी त्यांच्या फायलीत ‘गंगा’ शोधायचं तर वेगवेगळ्या फायली उघडून डोळ्यांनी चाळायचं. आता शब्द टाइप केला की सगळ्या गावांतल्या ओळी एकाखाली एक. अण्णांनी ‘कोयता’ शोधला. ‘उचल’ शोधला. पंढरी, माहेर, भाऊ हे शब्द ओव्यांत असणार हे सगळ्यांनाच माहीत; पण ऊसतोडीचे शब्द जात्यावरच्या ओवीत कोणत्या गावात, कोणत्या सालापासून दिसू लागतात, हे त्यांना पहिल्यांदाच एका नजरेत पाहता आलं. एकच ओवी दोन गावांत, आणि दुसऱ्या गावातल्या बाईनं शेवटची ओळ बदललेली, असंही सापडलं. त्यांनी ते नव्या वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली.

टायपिंगची त्यांची जुनी बोटंही वाया गेली नाहीत. लिनक्समध्ये आयबस नावाची सोय आहे. तिच्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन अशा पद्धती मिळतात. अण्णांना जुन्या टाइपरायटरच्या कळांचं रेमिंग्टन लावून दिलं. कळा जुन्या, पण आत साठतं ते युनिकोड. लिब्रेऑफिस मराठीत दिसण्याची सोय आहे, फायरफॉक्सही मराठीत आहे, मराठी शुद्धलेखन तपासणी मिळते. यातलं बरंचसं काम मराठी माणसांनी वेळात वेळ काढून केलेलं आहे. काही भाषांतरं मला अवघड वाटतात, आणि इथं वाटून स्वस्थ बसायची गरज नसते. दुरुस्ती सुचवता येते, पटली तर ती पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळते. अण्णांनी मेनूतल्या मराठीवर लाल पेनानं खुणा केलेला एक कागद मला देऊन ठेवलाय. तो मी पाठवणार आहे.

अडचणी आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय कुणाला हे करायला लावणं बरोबर नाही. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट आहे त्यांनी विंडोजच ठेवावी. डिजिटल सहीचे टोकन सगळीकडं सुरळीत चालत नाहीत. आमचा प्रिंटर तारेनं जोडताच ओळखला गेला, पण त्याच यंत्रातला स्कॅनर अजून रुसलेला आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून पाठवलेल्या ऑफिसच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये कधी चालतात, कधी नाही. मोंढ्यातल्या आडत्याला किंवा सीएला मी ‘आजच बदला’ म्हणणार नाही. पण ज्या घरात संगणकावर लिहिणं, वाचणं, बँक, मुलांचा अभ्यास आणि फोटो एवढंच होतं, तिथं बारा वर्षांचं चांगलं मशिन भंगारात घालायचं कारण मला दिसत नाही. लिनक्स ही हौशी लोकांची गोष्ट आहे असं अजून ऐकू येतं. मोंढ्यातल्या हमालाच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, आणि जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक 2017 पासून लिनक्सवरच चालतात. केरळनं आपल्या सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण याच पायावर उभं केलं. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं तर ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणालीच तयार केली आहे. मराठवाड्यातल्या शाळांत कपाटामागं झाकून ठेवलेले जे जुने संगणक आहेत, त्यांतले कितीतरी एका पेन ड्राइव्हनं उठून बसतील. हे मी अंदाजानं बोलत नाही. अण्णांचे जुने सहकारी घरी आले, त्यांनी हे पाहिलं आणि आपल्या नातवाच्या शाळेसाठी पेन ड्राइव्ह भरून नेला. तिथली दोन मशिनं चालू झाली आहेत.

आता घरात वाद चाललाय तो ओव्या बाहेर कशा द्यायच्या याचा. भाचीचं म्हणणं, क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना लावू की ज्यात नाव द्यावंच लागतं आणि पुढं देणाऱ्यानंही तशाच अटीवर द्यावं लागतं. अण्णांनी विचारलं, ‘मग कुणी छापून इकलं तर?’ तिनं सांगितलं की हो, विकता येईल, पण दुसऱ्यांना अडवता येणार नाही. मला वाटत होतं विक्रीला बंदी घालावी. अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘इकू द्या. बाईचं नाव अन् गावाचं नाव तेवढं निघता कामा नये.’ पण त्याआधी त्या बायांना विचारायला हवं, हेही त्यांचंच. सांगणाऱ्या पुष्कळजणी आता नाहीत, त्यांच्या सुना-लेकींना विचारावं लागेल, आणि त्यातल्या बऱ्याचजणी सध्या फडात आहेत. टोळ्या गावाकडं परतल्या की आम्ही छापील कागद घेऊन गंगथडीला जाणार आहोत. तोवर भाची नांदेडहून ऱ्य तपासून पाठवते आणि अण्णा रोज सकाळी एक गाव वाचून काढतात.